पहिले भाषांतर

परदेशी लेखकांच्या मुलाखती वाचण्याचे मला व्यसन आहे, आणि ते या वयात सुटेल असे दिसत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर ते अधिकच बळावते. एका हाताशी चकलीची ताटली, दुसऱ्या हातात एखादा जाडजूड अंक किंवा मुलाखतींचे पुस्तक, आणि घरातली मंडळी आपापल्या उद्योगात. याहून अधिक मी सणाकडून काही मागत नाही. या मुलाखतींत मला एक गंमत दिसते. आपल्याकडचा लेखक बोलू लागला की प्रतिभा, अनुभूती, प्रामाणिकपणा हे शब्द आधी येतात. ही परदेशी मंडळी मात्र दहा मिनिटांच्या आत भाषांतरकारावर आणि प्रकाशकावर येऊन पोहोचतात. कोणत्या भाषेत लिहायचे, ते दुसऱ्या भाषेत कोण नेणार, आणि नेल्यावर ते कोणत्या फळीवर ठेवले जाणार, याची चिंता त्यांना कलेइतकीच लागलेली असते. प्रथम मला यात व्यापारी वृत्ती दिसे. आता तसे वाटत नाही. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा रकमेचा निम्मा वाटा दीपा भास्ती या भाषांतरकर्तीला मिळाला. नियमच तसा आहे. जिच्या तोंडून जगाने त्या कथा ऐकल्या, तिला निम्मे श्रेय द्यावे यात अन्याय कोणता?

हे वाचताना माझे मन दर वेळी एकाच पुस्तकाकडे जाते. मी डहाणूला राहते, आणि तासाभराच्या अंतरावरच्या तलासरीच्या बाजूला माझी शिक्षकी नोकरी बरीच वर्षे झाली. तेव्हा ते पुस्तक मला आठवावे हे साहजिकच आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे ते पुस्तक. ते १९७० साली निघाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून आपण त्याच्याकडे चळवळीचा इतिहास म्हणून किंवा एका धाडसी स्त्रीचे आत्मनिवेदन म्हणून पाहत आलो. दोन्ही दृष्टी बरोबरच आहेत. पण मला ते पुस्तक आणखी एका नात्याने वाचावेसे वाटते. ते मला एक भाषांतर वाटते.

वाचक म्हणतील, ‘बाई, पुस्तक मुळात मराठीच, मग भाषांतर कसले?’ सांगते.

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडी हकीकत आधी सांगावयास हवी. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव हे जुन्या ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. आजची तलासरी तेव्हा उंबरगावकडची. पुढे १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. या भागातला वारली जमीनदाराच्या शेतावर आणि जंगलच्या ठेकेदाराकडे राबत असे. वेठ म्हणून जे काम करावे लागे त्याला मोबदला नसे. लग्नासाठी कर्ज काढले की ते फेडण्यासाठी नवरा सावकाराच्या दारी बांधला जाई, बहुधा जन्मभर, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. किती मंगल शब्द, आणि त्याचा अर्थ काय! जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तेथे वारल्यांची गाऱ्हाणी पोहोचली, आणि त्याच वर्षीच्या २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची पहिली मोठी सभा झाली. आता वेठ करायची नाही, असे तेथे ठरले. त्या निश्चयापुढे वेठ आणि लग्नगडी या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पद्धती पाहता पाहता कोसळल्या. पुढे १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांतले एक. त्या दिवसाची आठवण तलासरीत दरवर्षी पाळली जाते.

या सगळ्याच्या मध्यभागी शामराव आणि गोदावरी हे परुळेकर दांपत्य होते. गोदावरीबाई माहेरच्या गोखले, पुण्याच्या वकील घराण्यातल्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजातून पुढे शेतकरी चळवळीत आलेल्या. त्यांच्या कानावर लहानपणापासून जे मराठी पडले असेल त्याची आपण कल्पना करू शकतो. आणि ज्यांच्यात त्या जाऊन राहिल्या त्यांची बोली? ती मराठीला जवळची, गुजरातीचा शेजार लाभलेली, पण स्वतःचा हेल आणि स्वतःचे शब्द असलेली. मी नोकरीला लागले तेव्हा पहिले काही महिने वर्गातल्या पोरांचे आपापसांतले बोलणे मला अर्धेच कळे. ती पोरे माझ्याशी बोलताना मराठी बोलत, म्हणजे माझ्यासाठी स्वतःचे भाषांतर करीत. सहा-सात वर्षांची मुले ते काम करीत होती, आणि मी मात्र त्यांना ‘शुद्ध बोला’ म्हणत होते. आज ते आठवले की कसेसेच होते.

मी या पुस्तकाला भाषांतर म्हणते ते एवढ्याचसाठी. झरीच्या सभेत, रात्रीच्या बैठकांत, पाड्यापाड्यांतून जे बोलले गेले ते वारल्यांच्या बोलीत बोलले गेले असले पाहिजे. आपल्या हाती आले ते आपल्याला समजेल अशा मराठीत. या दोहोंमध्ये एक बाई उभी आहे. तिने ऐकले, लक्षात ठेवले, पंचवीस वर्षे जपले आणि मग आपल्या भाषेत लिहिले. मराठीतून इंग्रजीत जे झाले ते दुसरे भाषांतर. पहिले, आणि माझ्या मते अधिक अवघड, ते वारलीतून मराठीत झालेले.

त्या भाषांतरकर्तीची मोठी योग्यता अशी की ती स्वतःला लपवीत नाही. पुस्तकात ‘मी’ आहे आणि तो ‘मी’ कोणाचा आहे याविषयी वाचकाच्या मनात क्षणभरही घोटाळा होत नाही. ही साधी गोष्ट नव्हे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातील रिगोबेर्ता मेंचू या किचे जमातीच्या तरुणीची कथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९८२ साली पॅरिसमध्ये तिने आपली आणि आपल्या लोकांची कहाणी एलिझाबेथ बुर्गोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सांगितली. सांगितली ती स्पॅनिशमध्ये, म्हणजे मोठेपणी शिकलेल्या परक्या भाषेत. बुर्गोसबाईंनी ती ध्वनिमुद्रित केली, प्रश्न गाळले, क्रम लावला, आणि १९८३ साली पुस्तक निघाले. ‘मी’ मेंचूचा; पण प्रारंभी लेखिका म्हणून नाव बुर्गोस यांचे. १९९२ साली मेंचूला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मग १९९९ मध्ये डेव्हिड स्टोल या अभ्यासकाने दाखवून दिले की तिने डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगितलेले काही प्रसंग तिने स्वतः पाहिलेले नव्हते. जगभर वाद माजला. पुस्तक कोणाचे, साक्ष कोणाची, आणि एका माणसाने आपल्या सगळ्या जमातीच्या वतीने ‘मी’ म्हणावे की नाही, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली.

गोदावरीबाईंनी हा धोका टाळला. वारल्याच्या तोंडी त्यांनी स्वतःचा ‘मी’ घातला नाही. मी गेले, मी पाहिले, मला प्रथम कळले नाही, मग कळले, अशीच त्यांची चाल आहे. म्हणून पुस्तकाचे नाव वाचताना माझ्या मनात नेहमी येते की यात जागा होणारा माणूस एकटा वारलीच आहे काय? पुण्याच्या गोखल्यांची लेकही त्यात पानोपानी जागी होताना दिसते. मला पुस्तकाचे सगळ्यांत मोठे यश तेच वाटते.

आता दुसऱ्या भाषांतराकडे वळू. १९७५ साली हे पुस्तक कलकत्त्याहून इंग्रजीत निघाले. त्याचे नाव ठेवले गेले ‘आदिवासीज रिव्होल्ट’, आणि खाली उपशीर्षक, वारली शेतकऱ्यांच्या लढ्याची कथा अशा अर्थाचे. मराठी नावातले दोन शब्द होते ‘माणूस’ आणि ‘जागा होणे’. इंग्रजीत माणसाचा आदिवासी झाला आणि जागे होण्याचे बंड झाले. चूक काही नाही. वारली आदिवासीच आहेत आणि त्यांनी बंड केलेच. पण मराठी नाव वाचणारा वाचक आधी माणसाला भेटतो आणि मग तो वारली आहे हे त्याला कळते. इंग्रजी वाचकाला आधी जात कळते, मग कृती, आणि माणूस त्याचा त्याने शोधायचा.

नवल असे की मेंचूच्या पुस्तकाचेही अगदी हेच झाले. स्पॅनिश नावाचा अर्थ असा की माझे नाव रिगोबेर्ता मेंचू, आणि माझ्यात भान जन्मले ते असे. म्हणजे तेथेही जागे होणेच. १९८४ च्या इंग्रजी भाषांतरात ते भान नाहीसे झाले आणि त्या जागी आले ‘ग्वाटेमालातील एक इंडियन स्त्री’. दोन खंड, दोन भाषा, दोन प्रकाशक, एकमेकांशी काही संबंध नाही. आणि शस्त्रक्रिया मात्र तीच! यात भाषांतरकारांचा दुष्टावा आहे असे मी म्हणणार नाही. बाजारात पुस्तकाला फळी लागते आणि फळीला पाटी लागते. ‘माणूस’ या पाटीची फळी कोणत्याच दुकानात नसते.

प्रकाशकाचे महत्त्व मला येथे पटते. मराठीत हे पुस्तक काढले मौज प्रकाशनाने. निर्मळ वाङ्मयीन अभिरुचीसाठी ज्या घराचा दबदबा, त्याच घराने एका कम्युनिस्ट कार्यकर्तीचे अनुभव छापले. त्यामुळे ते पुस्तक कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले, आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत गेले, आणि दुपारी आडवे होऊन वाचणाऱ्या बायकांनीही ते वाचले. इंग्रजीत ते चळवळीच्या पुस्तकांत गेले. शब्द तेच, पण शेजार बदलला की अर्थ बदलतो.

दोष सांगितल्याखेरीज परीक्षण पुरे होत नाही, म्हणून माझी एक तक्रार नोंदवते. पुस्तकात जेथे सभा, ठराव आणि डावपेच येतात तेथे बाईंची भाषा एकाएकी सरळ रांगेत उभी राहते. पाड्यावरच्या रात्रीचे वर्णन करणारी लेखणी आणि ही लेखणी एकाच हातातली आहे का, असा प्रश्न पडतो. शिवाय त्यांची नजर आधी अन्यायावर जाते. ते स्वाभाविक आहे, आवश्यकही आहे. पण परिणाम असा होतो की पुस्तक मिटल्यावर वारल्याचे लग्न म्हटले की आपल्याला कर्ज आठवते. आणि ज्या लग्नात धवलेरी गाते, सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात पालघट देवी येऊन उभी राहते, ते लग्न? त्याची भाषांतरे पुढे वेगळ्या मार्गाने झाली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या काळात ती भिंतीवरची चित्रकला कागदावर आणली. जगभर प्रदर्शने झाली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आज वारली म्हटले की जगाला पांढऱ्या त्रिकोणांची नाचणारी माणसे आठवतात, आणि ती चहाच्या कपांवर व पडद्यांवर नाचतात. चित्राला भाषांतर लागत नाही असे आपण समजतो, पण चौकातली देवी गाळून फक्त नाच उचलणे हेही भाषांतरच, आणि फारसे चांगले नव्हे. जगाला चौक ठाऊक आहे, लग्नगडी ठाऊक नाही. मराठी वाचकाला लग्नगडी कळला, चौक दुरूनच दिसला. पुरे लग्न अजून कोणीच आपल्यापर्यंत आणलेले नाही.

ते कोण आणणार? येथे मला केनियाचे न्गुगी वा थिओंगो आठवतात. १९६२ साली कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकेतल्या इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकांची परिषद भरली होती. न्गुगी तेव्हा विद्यार्थी होते. आपल्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन ते चिनुआ अचेबे यांच्यापाशी गेले, आणि पुढे १९६४ मध्ये त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. अचेबे यांचे मत असे की इंग्रजीला वाकवून तिच्याकडून आफ्रिकेचे ओझे वाहून घेता येते. न्गुगींना पुढे ते पटेनासे झाले. माझ्या पुस्तकातली माणसे माझे पुस्तक वाचू शकत नाहीत, मग मी लिहितो कोणासाठी, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १९७७ मध्ये त्यांनी कामिरिथू गावात शेतकरी-मजुरांबरोबर गिकुयू भाषेत नाटक बसवले. तालमींत गावकरी त्यांचे संवाद दुरुस्त करीत. म्हातारा माणूस असे बोलत नाही, असे प्राध्यापकांना सांगत. सरकारने नाटक बंद पाडले आणि वर्षअखेरीस न्गुगींना विनाचौकशी तुरुंगात टाकले. तेथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू भाषेतली आपली पहिली कादंबरी लिहिली. १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर घराघरांतून, कामाच्या सुट्टीत, गुत्त्यांतून ती मोठ्याने वाचली गेली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. वाचता येणारा एक, ऐकणारे वीस. इंग्रजी भाषांतर त्यांनी मागाहून स्वतः केले. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा हा आग्रह सुटला नाही.

परुळेकरबाईंवर न्गुगींचा प्रश्न रोखण्याचा मला अधिकार नाही. त्या वारली नव्हत्या. वारलीत पुस्तक लिहिण्याचे सोंग त्यांनी केले असते तर ते खोटे ठरले असते. प्रश्न पुढच्यांसाठी आहे. तो माझ्यापुढे कसा आला ते सांगून संपवते.

माझा एक जुना विद्यार्थी तलासरी तालुक्यातच प्राथमिक शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याला हे पुस्तक दिले. वाघबारशीच्या सुमारास त्याने ते आपल्या आजीला वाचून दाखवायला घेतले. आजीला मराठी कळते, पण पुस्तकी मराठीने तिला झोप येते. तेव्हा तो डोळ्यांनी मराठी वाचायचा आणि तोंडाने वारलीत सांगायचा. म्हणजे १९४५ साली जे शब्द त्या पाड्यांतून निघून मराठीत गेले होते, ते इतक्या वर्षांनी उलट वाटेने घरी येत होते.

‘पिळवणूक’ या शब्दापाशी गाडी अडली. चळवळीच्या मराठीतला हा अगदी रोजचा शब्द. त्याला वारलीत तो सापडेना. मग त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. मालक म्हणजे काय, श्रम म्हणजे काय. आजीने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, एवढे लांब कशाला, वेठ म्हण की. हे मला सांगताना तो हसत होता, पण मी हसले नाही. मूळ शब्द तिच्याजवळ होता. आपण सगळे भाषांतरावर जगत होतो.

पुढे दोन-तीन पानांतच पुस्तक त्याच्या मांडीवर पडून राहिले आणि आजीच सांगू लागली. त्या वर्षी ती पाच-सहा वर्षांची पोर. आई तिला कडेवर घेऊन एका सभेला गेली होती. सभा कोणती, कोण बोलले, यातले तिला काही ठाऊक नाही. तिला आठवते ते परतीच्या वाटेवरचे. आई वाटेने मोठ्याने बोलत होती. त्या दिवसापर्यंत घराबाहेर आईचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. आईला एवढा आवाज आहे हे तिला तेव्हा कळले, आणि ती भ्याली.

‘बाई, हे पुस्तकात आहे का?’ त्याने मला विचारले. मी म्हटले, नाही. ‘मग मी लिहू का? आणि लिहू तर कशात लिहू?’

परदेशी लेखकांच्या इतक्या मुलाखती वाचूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. मराठीत लिही म्हणावे तर त्याला प्रकाशक मिळेल, वाचक मिळतील, कदाचित पारितोषिकही मिळेल, आणि आजीला पुन्हा झोप येईल. वारलीत लिही म्हणावे तर छापणार कोण, विकणार कोण? शेवटी मी त्याला सांगितले की आजी जशी बोलली तसे आधी देवनागरीत उतरव. मराठी मागाहून कर, पण तूच कर, दुसऱ्याच्या हाती देऊ नको. आणि नाव ठेवताना आजीला विचार. भास्तीबाईंनी कन्नड शब्द इंग्रजीत तसेच ठेवले, तिरक्या अक्षरांत घातले नाहीत की खाली टिपा दिल्या नाहीत. तूही ‘वेठ’ला टीप देऊ नको.

त्याने दोन वह्या भरल्या आहेत. परवा त्यातली एक त्याने मला आणून दिली. मी अजून ती अडखळतच वाचते. अर्ध्या शब्दांसाठी मला त्याला फोन करावा लागतो. सहा-सात वर्षांच्या पोरांनी एके काळी जे माझ्यासाठी केले, ते आता माझे मला करायचे आहे. या दिवाळीत अंकांच्या गठ्ठ्यावर तीच वही ठेवली आहे, आणि शेजारी परुळेकरबाईंचे पुस्तक उघडे आहे. एकीत न कळलेले दुसऱ्यात शोधावे लागते, आणि ते नेहमी सापडतेच असे नाही.